खदानीत ट्रायल खेळलो: १२ बाऱ्या, ३७ गुण (जास्त म्हणजे वाईट)

बरडवाला
रविवार, रात्री ९:४०

नमस्कार. इथे मी आजवर वाचनमात्रच होतो. आज पोटऱ्या, दंड, बोटांची पेरं असं सगळंच ठणकतंय, झोप काही येणार नाही, तर म्हटलं लिहून टाकू.

आमच्या दारव्हा-दिग्रसकडच्या भागात मुरमाची एक बंद पडलेली खदान आहे. तिथे आज मोटारसायकलची ट्रायल झाली. भरवणारे तालुक्यातलेच सात-आठ जण. त्यातला एक पुण्याची नोकरी सोडून परत आलेला, बाकीच्यांनी त्याच्या भरवशावर उडी मारलेली. एन्ट्री दोनशे रुपये, त्यात सकाळचे तर्री-पोहे. २३ गाड्या आल्या. मी बाबांची स्प्लेंडर नेली. "मित्राकडे कार्यक्रम आहे" एवढंच बाबांना सांगितलं होतं.

ट्रायल म्हणजे काय ते पंधरा दिवसांपूर्वी मलाही माहीत नव्हतं. ही रेस नव्हे, घड्याळ लावतच नाहीत. चुन्याची फक्की मारून आणि झेंड्या लावून तीस-चाळीस पावलांचा वाकडातिकडा तुकडा आखतात, त्याला सेक्शन म्हणायचं. उजवीकडे लाल चिंध्या, डावीकडे पांढऱ्या. आत शिरायचं आणि पाय न टेकवता बाहेर निघायचं. एकदा पाय टेकला की १ गुण, दोनदा टेकला २, आणि तीनदा टेकवा की तीसदा, ३. पडलात, झेंडीबाहेर गेलात, गाडी बंद पडून पाय खाली आला, तर ५. चार गुण हा प्रकारच नाही. शेवटी ज्याचे गुण सर्वांत कमी तो पहिला. हे ऐकून माझ्या शेजारी उकिडवे बसलेले एक आजोबा म्हणाले, "कमी मार्कवाला पयला? मंग आमचा नातू बोर्डात आला असता न बाप्पा!"

गावांतून दोनेकशे माणूस आलं होतं. पण इकडे सवय बैलांच्या पटाची. शंकरपटात जोडी सुटली की काही सेकंदांत निकाल, धुरळा, आरडाओरडा, पैसा वसूल. इथे एक जण गाडीवर उभा राहून गोगलगायीसारखा दगडावरून चाललाय आणि दुसरा खाली वाकून त्याच्या बुटांकडे बघतोय. अकरा वाजेपर्यंत निम्मं पब्लिक घरी.

सहा सेक्शन, दोन चकरा. सगळं हुकलं असतं तर ६० झाले असते. माझे पहिल्या चकरेत १९ आणि दुसरीत १८. पहिला आला त्याचे दोन्ही मिळून ११, एक्सपल्सवर होता. दुसरा चाळिशीतला माणूस, आरएक्स १०० घेऊन आलेला, त्याचे १६. मुरमाचा चढ, गिट्टीचा ढीग आणि बाभळींमधला इंग्रजी आठ यांबद्दल सांगण्यासारखं काही नाही, जसं व्हायचं तसं झालं.

मला सांगायचंय ते पाचव्या सेक्शनचं. शेजारच्या वावरातली काळी माती ट्रॉलीने आणून पसरली होती, वरून टँकरचं पाणी. ते पाहून मी मनात हसलो. पावसाळ्याचे चार महिने आमची पांदण (वावराकडची वाट) म्हणजे हेच. सहावीत लुना, मग स्प्लेंडर. शाळा, दूध, फवारणीचा पंप, सगळं याच गाऱ्यातून, चिखलातून. शहरातल्या पोरांना इथेच धरायचं असं ठरवून आत गेलो. गाडी कुठे अडली नाही, आडवी झाली नाही. बाहेर येऊन ऐटीत पंचाकडे पाहिलं तर तो म्हणतो, "तीन. बारा-तेरा वेळा टेकला तू. पुढं मोजनंच सोडलं म्या."

मला खरोखर कळलं नव्हतं. आपण चिखलातून गाडी चालवतच नाही हो, दोन्ही पाय फाकवून वल्हवत नेतो. इतकी वर्षं नेली की पाय खाली जाताना डोक्याला विचारत नाही. दुसऱ्या चकरेत दात-ओठ खाऊन फुटरेस्टवर उभा राहिलो. दोन गाड्यांच्या लांबीइतका गेलो असेन. मागचं चाक जरासं सरकलं आणि डावा पाय गेला, मग उजवा, मग पुन्हा वल्हं. परत तीन. पांदणीत आपण कधी पडलो नाही याचा मला फार माज होता. पडलो नव्हतो तो पाय टेकवून टेकवून.

सहाव्यात दीड फुटाची खडकाची पायरी. स्प्लेंडरचं पोट जमिनीपासून साडेसहा इंचांवर, तेव्हा पुढे काय झालं ते ओळखा. पुढचं चाक चढलं, पोट दगडावर बसलं, मागचं चाक नुसतं गरगर. दोघांनी उचलून काढलं. दुसऱ्यांदा मी हट्टाने हाफ क्लचवर रेस देत राहिलो. घरी येताना चढावर इंजिन ओरडतंय आणि गाडी काही पुढे सरकत नाही. बाबा सकाळी दूध न्यायला गाडी काढतील तेव्हा त्यांना कळेलच.

आता तक्रार. तिसरा सेक्शन, नाल्यातल्यासारखे गोटे. पहिल्या चकरेत पडलो, ते पाच मान्य. दुसऱ्या चकरेत निम्म्यात थांबलो, पाय न टेकवता, दीड-दोन सेकंद. माझ्या आयुष्यातला सर्वांत देखणा बॅलन्स. पंचाने सरळ पंजा दाखवला. म्हणे, "थांबला." चौथ्यात मात्र माझ्या पुढचा गडी असाच थांबला होता, त्याला एकही गुण नाही. जाणकारांनी सांगावं, थांबलं तर नेमकं काय?

तर्रीपोहे
रविवार, रात्री ९:५८

३७ म्हणजे पास झालात की! आपल्याकडे ३५ ला पास असते. पुढील लेखनास शुभेच्छा.

नागपुरी_संत्रा
रविवार, रात्री १०:१५

लिहिलंय छान. पण वेगच नाही तर मोटारसायकल कशाला, सायकल घ्या. वाळवंटातल्या डाकार रॅलीत आपला हरिथ नोआ २०२४ मध्ये रॅली-२ गटात पहिला आला. तसलं काहीतरी इकडे भरवलं तर पब्लिक उठून जाणार नाही.

जुना_राजदूत
रविवार, रात्री ११:०५

संत्रे, नोआ ज्या शेर्कोवर बसला होता ती कंपनी १९९८ साली सुरू झाली तीच ट्रायलच्या गाड्या बनवत. डाकार वगैरे पुढचं.

स्कॉटलंडात सहा दिवसांची ट्रायल १९०९ पासून चालत आली आहे. तेव्हाचा प्रश्न स्वाराचा कमी आणि गाडीचा जास्त होता: हे नवं यंत्र डोंगर चढेल का, ओढ्यातून निघेल का, सहा दिवस टिकेल का? म्हणून तिला रिलायबिलिटी ट्रायल म्हणत. पुढे गाड्या भरवशाच्या झाल्या आणि परीक्षा माणसाची सुरू झाली. आता स्पेनचा टोनी बोउ २००७ पासून दर वर्षी जगज्जेता होतोय. त्याच्या गाडीला बसायला सीटच नाही, कारण बसायचंच नसतं. वजन सत्तर-पंचाहत्तर किलोच्या आसपास. बरडवाले, तुमची स्प्लेंडर शंभराच्या बरीच वर. तेव्हा सहाव्याचं फार मनाला लावून घेऊ नका.

एक मात्र ध्यानात ठेवा. गाडीची विम्याची पॉलिसी काढून 'वापराच्या मर्यादा' असा जो बारीक अक्षरांतला भाग असतो तो वाचा. संघटित शर्यत, स्पीड टेस्टिंग आणि त्यांच्याच रांगेत 'रिलायबिलिटी ट्रायल' हे शब्द तिथे अजून बसलेत. शंभर वर्षांपूर्वीचा शब्द, पण त्याच्या जोरावर विमा कंपनी हात वर करू शकते. खदानीत जे मोडेल ते आपल्या खिशातून.

(आमच्या काळी एस्कॉर्ट्सची राजदूत १७५ होती, पोलंडच्या एसएचएलवरून बेतलेली. तिच्यावर मी, बायको, दोन पोरं आणि सरकीचं अर्धं पोतं असे उमरखेडहून आलो आहोत, रात्री, पावसात. तिला कोणी ट्रायल म्हटलं नाही.)

क्लचप्लेट
सोमवार, सकाळी ६:२०

बरडवाले भाऊ, मी पंचवीस वर्स झाले हेच करून राह्यलो, आयका. स्प्लेंडरचा क्लच तेलात बुडेल असते. तुमी हाफ क्लचवर रेस देल्ली, प्लेटा घासल्या, त्याइचा बुरा तेलात गेला. नव्या प्लेटा टाकान तवा तेल बी बदला, नाई तं तो बुरा इंजनात तसाच फिरत राह्यते. टाकाच्या आंधी प्लेटा तासभर नव्या तेलात भिजू द्या. अन् क्लचच्या वायरले जराशीक ढील ठेवा, तानून बसवली तं हात न लावता बी क्लच घसरते.

दुसरं. चेनचं पुढचं सॉकेट (दातेरी चाक) एक दात कमी करा. पुढचा एक दात म्हंजे मांगं तीन वाढवल्यासारखं. मंग पयल्या गेरात गाडी पायदळ मानसाच्या चालीनं चालते, बंद पडत नाई, अन् हाफ क्लच दाबाचं काम निम्मं होते. रोडवर टॉप कमी होईन, तेवढं सहन करा लागते.

टायरात हवा किती होती?

बरडवाला
सोमवार, सकाळी ६:४५

मागे १५, पुढे १२. बाबा अजून उठले नाहीत.

क्लचप्लेट
सोमवार, सकाळी ६:५२

ट्यूबच्या टायरात याच्या खाली उतरू नका. हवा कमी अन् झटका जास्त असला का टायर रिमवर फिरते, ट्यूबचा वॉल उपटून निंघते. ट्रायलच्या गाड्याइले मांगं चार-पाच पौंडच असते म्हंतात, पन ते टायरच अलग, ट्यूब नसते त्याइच्यात.

बाबाइले आंधी च्या पाजा, मंग सांगा.

चुनाफक्की
सोमवार, सकाळी ९:३०

तिसऱ्या सेक्शनचा पंच मीच.

सकाळी साडेसातला सगळ्यांना गोळा करून नियम वाचून दाखवले होते. तेव्हा आपण पोह्याच्या गंजाजवळ होतात, मी स्वतः पाहिलं. जगात दोन्ही पद्धती चालतात. एकीत गाडी पुढे जायची थांबली की पाच. दुसरीत पाय वर असेपर्यंत थांबा, श्वास घ्या, जमत असेल तर जागेवर उड्या मारून चाक वळवा, फक्त सेक्शनला वेळेची मर्यादा असते. आम्ही पहिली घेतली. दुसरीसाठी प्रत्येक सेक्शनला घड्याळ धरणारा वेगळा माणूस लागतो आणि आमच्याकडे माणसं किती, तर सहा पंच आणि एक पोहेवाला.

तुमचा बॅलन्स देखणा होता हे मान्य. पाचही मान्य करा.

चौथ्यात आमची चूक झाली. तिथला पंच दहावीचा पोरगा, त्याला पाय मोजायला सांगितलं होतं, चाकाकडे बघायचं सांगायला आम्ही विसरलो. पुढच्या वेळी आदल्या दिवशी पंचांचीच एक चकर घेणार आहोत, त्यांनाही गाडीवर बसवून. स्वतः सेक्शनमध्ये घाम गाळल्याशिवाय काय बघायचं ते कळत नाही.

आणि पाचव्याचा पंच माझा धाकटा भाऊ. तो म्हणतो बारा-तेरा हे त्याने तुमचा मान ठेवून सांगितलं. सतरा होते.

तर्रीपोहे
सोमवार, सकाळी ९:४१

मेलो 😂 सतरा!

चुनाफक्की साहेब, मग या नियमाने आपल्या शकुंतला रेल्वेचे गुण किती? मूर्तिजापूर ते यवतमाळ, तिचा वेग तर ट्रायललाच शोभणारा होता.

चुनाफक्की
सोमवार, सकाळी ९:५०

चालत होती तोवर शून्य. थांबली, पाच.

वावरातला_माणूस
सोमवार, दुपारी १:१०

सगळे पायांवर बोलताहेत, मातीवर कोणीच नाही. आपली काळी माती भिजली की फुगते, चाकाला चिकटते ती थरावर थर. मुरूम खडकाचाच भुगा, तो चाकाला सोडून देतो. त्यामुळे पाचव्या सेक्शनमध्ये खरी अडचण घसरण्याची नाही, मडगार्डची आहे. स्प्लेंडरचं पुढचं मडगार्ड टायरला खेटून असतं. आत गारा भरला की पुढचं चाक ब्रेक लागल्यासारखं जड होतं आणि तोल जातो. आमच्याकडे पावसाळ्यात निम्म्या गाड्यांचं पुढचं मडगार्ड काढून शेडमध्ये टांगलेलं असतं, किंवा सीटखाली गारा काढायची सळई. काल आलेल्यांपैकी कोणी मडगार्ड काढलं होतं का? एक्सपल्सचं मडगार्ड मुळातच चाकापासून वर असतं. तो ११ गुणवाला चिखलात पाय न टेकवता कसा निघाला याचं अर्धं उत्तर तिथे आहे.

नागपुरी_संत्रा
सोमवार, दुपारी १:३२

हेच म्हणतो. एक्सपल्सचं पोट २२० मिमी वर, २१ इंची पुढचं चाक. स्प्लेंडर १६५ मिमी. दोघांना एकाच पायरीवर चढवणं हा काय न्याय? आधी गट पाडा.

चुनाफक्की
सोमवार, दुपारी २:०५

बरोबर आहे. बाहेर एकाच सेक्शनमध्ये वेगवेगळ्या रंगांचे बाण लावून दोन-तीन वाटा आखतात. मोठ्या गाड्यांनी पायरीवरून जायचं, बाकीच्यांनी बाजूच्या उतारावरून, गुण वेगळे धरायचे. पुढल्या वेळी हे करू. बाणांसाठी ऑइल पेंटचे दोन डबे कोणी देणार असेल तर सांगा, चुना तर पहिल्या पाच गाड्यांतच उडाला.

जुना_राजदूत
सोमवार, दुपारी २:२०

गट पाडा, पण आरएक्स १०० वाल्याला विसरू नका. त्याच्याकडेही रस्त्याचीच गाडी आणि खालचंच पोट. १६ गुण आले ना? पायरीवर त्याने काय केलं?

बरडवाला
सोमवार, दुपारी २:४४

त्याने ती पायरी मधून घेतलीच नाही. डाव्या पांढऱ्या चिंधीला खेटून खडकाला एक खाच होती, वीतभर रुंद. नाश्ता व्हायच्या आधीच तो सगळे सेक्शन पायी फिरून आला होता, दोन-दोनदा, मध्येच उकिडवा बसून दगड हलवून पाहत. आम्ही तेव्हा त्याच्या गाडीचा आवाज ऐकत उभे होतो. सेक्शन आधी पायी बघायला सगळ्यांनाच मुभा असते, मी सहाव्याकडे लांबून मान वळवली तेवढीच.

(बाबांना कळलं. रात्री लिहितो.)

अवनी_वर्धा
सोमवार, सायंकाळी ५:१५

धागा वाचताना मला राहवेना. तो पहिला आलेला मुलगा माझ्या शाळेत होता, एका वर्गाने मागे. नाव सांगत नाही. गॅदरिंगच्या आदल्या दिवशी स्लो सायकल असायची ना, शेवटी पोहोचेल तो जिंकला, पाय टेकला की बाद? आम्ही सगळे पहिल्या दहा फुटांत आडवे आणि हा मागे फक्कीच्या रेषेवर हँडल इकडे-तिकडे करत उभाच्या उभा. तीन वर्षं स्टीलचा डबा त्यानेच नेला. तेव्हा आम्ही हसायचो, हा काय खेळ आहे म्हणून. संत्रेकाका, तुम्ही वर "सायकल घ्या" म्हणालात, त्याने तेच केलं होतं.

आता प्रश्न. मुलींना चालतं का? आणि माझ्याकडे ॲक्टिव्हा आहे.

चुनाफक्की
सोमवार, सायंकाळी ५:४०

चालतं काय, या. काल एकही बाई नव्हती याचं आम्हालाच वाईट वाटलं. हेल्मेट, घोट्याच्या वर जाणारे बूट आणि कोपर-गुडघ्यांना काहीतरी एवढं सक्तीचं. काल काहींनी क्रिकेटचे पॅड बांधले होते, चालून गेलं.

क्लचप्लेट
सोमवार, सायंकाळी ६:०२

ताई, ॲक्टिव्हा नोका आनू. तिले हाताचा क्लचच नसते, रेस देल्ली का मंग आतला क्लच आपल्या मनानं धरते. दगडावर एवढीशीक पावर पायजे असली तं ते एकदम झटका देते. चाक बी लहान, गोट्यात फसते. भावाची, काकाची, कोनाची बी शंभर सीसीची गेरवाली आना. गाडी देत नसन तं माह्या दुकानात एक जुनी हाये, आरसे-इंडिकेटर नाई, ब्रेक हाये.

सागाच्या_सावलीत
सोमवार, रात्री ८:३०

उत्साह पाहून बरं वाटलं, म्हणूनच आधी सांगतो. सराव करायचा म्हणून कोणी जंगलातल्या वाटांवर गाड्या घालू नका. आपल्या जिल्ह्यात टिपेश्वर आहे, १४८ चौरस किलोमीटर, आत वाघ आहेत, आणि वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा असला तरी आजही चांगलाच जागा आहे. अभयारण्याबाहेरचं राखीव जंगलसुद्धा मोकळं रान नसतं. खदान, बरड, स्वतःचं वावर, तेही मालकाला विचारून. खदान कोणाच्या नावावर आहे ते विचारलं होतं ना?

चुनाफक्की
सोमवार, रात्री ८:४८

खासगी आहे, मालकाचं लेखी पत्र आहे. मालक स्वतः खुर्ची टाकून बसला होता. पहिल्यांदा थांबलं की पाच हे सगळ्यात आधी त्यालाच कळलं.

बरडवाला
मंगळवार, रात्री १०:१०

उशीर झाला, दोन दिवस घरात वातावरण तापलेलं होतं.

सोमवारी सकाळी बाबांनी गाडी काढली, वेशीच्या चढावर गेले आणि ढकलत परत आणली. काही बोलले नाहीत. स्टँडवर लावली, खाली वाकले आणि इंजिनच्या पोटावर दगडाने पडलेला ओरखडा बोटाने चाचपला. मी सगळं सांगून टाकलं. क्लचप्लेट भाऊ, चहा आधीच दिला होता, तुमचा सल्ला मानून.

मग म्हणाले, "थे तिसऱ्या नंबराच्या डब्यात थांबाचं नव्हतं म्हंतात, मंग थांबला कायले?" म्हणजे हा धागा माझ्या आधी त्यांनी कोणाच्या तरी मोबाइलवर वाचलेला. गावात काही लपत नाही.

शिक्षा अशी: प्लेटा, तेल, सॉकेट आणि मजुरी मिळून जे होईल ते माझ्या कापूस वेचणीच्या मजुरीतून, आणि गाडी येईपर्यंत सकाळचं दूध सायकलवर. सायकल म्हणजे आमची जुनी काळी, मागे कॅरिअरवर दोन्ही बाजूंना दहा-दहा लिटरच्या कॅना. कालपासून नेतोय. कॅना अर्ध्या भरल्या असल्या की दूध आत हिंदकळतं आणि मागचं चाक आपलं आपण एका अंगाला ओढतं. अगदी चिखलात ओढतं तसंच. पांदणीच्या तोंडाशी कालव्याचं पाणी फुटून थोडा गारा झालाय. काल तिथे चारदा पाय टेकला. आज दोनदा. मी उतरून मोजले, चुनाफक्कींचा भाऊ नव्हता.

मडगार्ड काढून शेडमध्ये टांगलंय. सॉकेट एक दात कमीचं सांगितलंय, शनिवारी मिळेल. अवनीताई, रविवारी सकाळी सात वाजता आम्ही चौघे-पाच जण खदानीत सरावाला जमतोय, क्लचप्लेट भाऊ ती बिनआरशाची गाडी घेऊन येणार आहेत. येणाऱ्यांनी हवा भरायला आपापला सायकलचा पंप आणा, परत जाताना रस्त्यावर १५ पौंडात नेता येत नाही. पोहे यावेळी नाहीत. आईने भाकर आणि पाटवडीचा रस्सा करून देते म्हटलंय, पण पाचच जणांचा.